साठ दिवसांची बंदी

नोव्हेंबर २०१७ मध्ये महाराष्ट्र सरकारनं यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलढाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांवर साठ दिवसांची बंदी घातली. मोनोक्रोटोफॉस, अ‍ॅसिफेट, डायफेन्थियुरॉन, प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिनचं मिश्रण आणि फिप्रोनिल-इमिडाक्लोप्रिडचं मिश्रण ही ती पाच. आदेश निघाला तेव्हा वऱ्हाडात कापसाची वेचणी लागली होती. फवारणीचे दिवस सरले होते, पंप धुऊन गोठ्यात टांगले गेले होते, आणि ते पंप ज्यांनी पाठीवर वाहिले त्यांतले काही जण तोवर गेले होते.

बंदी साठच दिवसांची का, याचं उत्तर कायद्यात आहे. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याचं कलम २७ राज्य सरकारला सार्वजनिक सुरक्षेसाठी एखाद्या औषधाची विक्री थांबवू देतं, पण फक्त साठ दिवस. फार तर आणखी तीस. कायमची बंदी घालायची तर ती दिल्लीनं. म्हणजे माणसं मरतात राज्यात, आणि निर्णय घेतो तो केंद्राचा विभाग. वऱ्हाडाची २०१७ ची गोष्ट या साठ दिवसांपासून मागं आणि पुढं वाचली की तिचा अर्थ लागतो.

त्या पावसाळ्यात पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती. कुठं वाणाचा गुण, कुठं पावसाची आणि उष्म्याची साथ, कुठं मंजुरी नसलेलं तणनाशक-सहनशील बियाणं. कपाशी गुडघ्याएवढी, कमरेएवढी असते तेव्हा नळीचं तोंड खाली असतं आणि फवारा माणसाच्या पुढं जमिनीकडं जातो. सहा फुटांची पऱ्हाटी असली की मजूर हात वर करून फवारतो आणि तुषार त्याच्याच तोंडावर, डोळ्यांवर, छातीवर येतात. दोन्ही बाजूंच्या फांद्या एकमेकींत गेलेल्या, तासातून वाट काढताना ओली पानं अंगाला घासतात. सप्टेंबर-ऑक्टोबरचा दमट उकाडा, घामानं चिकटलेला सदरा, त्यात पाठीवरच्या टाकीच्या झाकणातून झिरपणारं पाणी. विष पोटात जायची गरजच नसते. सेंद्रिय फॉस्फरस गटातली औषधं कातडीतून जातात, श्वासातून जातात, आणि घामेजलेल्या उघड्या कातडीतून अधिक सहज जातात.

पंपही बदलले होते. हातानं दट्ट्या मारायच्या पंपाच्या जागी चार्जिंगचे आणि पेट्रोलवर चालणारे स्वस्त चिनी पंप आले होते. त्यांचा दाब जास्त, तुषार बारीक, आणि बारीक तुषार हवेत जास्त वेळ तरंगतात. शिवाय बऱ्याच ठिकाणी मजुरी दिवसावर नसून पंपावर ठरते. जितके पंप रिकामे होतील तितके पैसे. अशा हिशेबात वाऱ्याची दिशा बघत थांबणं परवडत नाही.

एवढं फवारायची वेळ का आली, हा खरा प्रश्न. बीटी कापूस २००२ साली आला, त्याची दुसरी पिढी २००६ साली, आणि दोन्ही वेळा शेतकऱ्याला सांगितलं गेलं की आता फवारणी कमी होईल. काही वर्षं झालीही. पण बीटीचा मारा बोंडअळीवर होता. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी या रस शोषणाऱ्या किडींना त्याचं काहीच नव्हतं. २०१७ पर्यंत गुलाबी बोंडअळीनंही दुसऱ्या पिढीच्या बीटीला दाद देणं सोडलं होतं. त्या साली वऱ्हाडात बोंडं फोडून बघितली की आत अळी निघायची. दोन्ही बाजूंनी कीड चालून आल्यावर शेतकरी कृषी केंद्राच्या काउंटरवर गेला. तिथं त्याला रसशोषक किडीसाठी एक, अळीसाठी एक आणि झाडाला जोम यावा म्हणून एक टॉनिक मिळालं. तिन्ही एकाच कोठीत ओतून काडीनं, कधी हातानंच ढवळली गेली. अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून उभं आहे. विद्यापीठ कुठल्या किडीला कुठलं औषध किती घ्यायचं ते सांगतं. पण वऱ्हाडातल्या खेड्यात औषधाची चिठ्ठी लिहितो तो दुकानदार, आणि बहुतेकदा तो उधारीही देतो. ज्याची उधारी, त्याचा सल्ला.

जुलैपासून यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात फवारणी करणारी माणसं येऊ लागली. डोळ्यांपुढं अंधारी, उलट्या, डोकेदुखी, छाती भरून येणं, हातपायांना कंप. ऑगस्टमध्ये गर्दी वाढली, सप्टेंबरमध्ये मृत्यू वाढले, आणि राज्यभर बातमी झाली ती सप्टेंबरच्या अखेरीला, ऑक्टोबरच्या तोंडावर. हंगाम संपेपर्यंत एकट्या यवतमाळ जिल्ह्यात आठशेहून अधिक माणसं दवाखान्यात दाखल झाली आणि वीसहून अधिक दगावली. अकोला, अमरावती, बुलढाण्यातूनही रुग्ण आणि मृत्यूंच्या बातम्या येत राहिल्या; विदर्भातला मृतांचा आकडा पन्नासाच्या घरात गेल्याचं तेव्हा छापून आलं.

ही सगळी आरडाओरड तीन महिने उशिरा का झाली? वऱ्हाडाच्या दवाखान्यांना विषाचा रोगी नवा नाही. एन्ड्रिन या जुन्या कीटकनाशकाच्या काळापासून इथले डॉक्टर विष प्यालेली माणसं वाचवत आले आहेत. विषबाधेचा रोगी आला की तो प्याला असणार, हे गृहीत धरायची सवय दवाखान्याला होती, पोलिसांना होती आणि वर्तमानपत्रांनाही होती. पण प्यालेल्याचं पोट धुता येतं. ज्यानं आठ दिवस ते अंगावर घेतलं, छातीत ओढलं, त्याचं काय धुणार? अशा माणसाला आधी कपडे काढून साबणानं आंघोळ घालावी लागते, आणि मग अ‍ॅट्रोपिन. अ‍ॅट्रोपिनची मात्रा चढली की रोगी बरळतो, हातपाय झाडतो, त्याला खाटेला बांधून ठेवायची वेळ येते. आणि अ‍ॅट्रोपिन, प्रालिडॉक्सिम हे उतारे सेंद्रिय फॉस्फरसवरचे. डायफेन्थियुरॉनवर खास असा उतारा नाही. कोठीत तीन डबे मिसळले होते, मजुराला त्यांची नावं ठाऊक नव्हती, डबे मालकाकडं किंवा बांधावर. डॉक्टर कशावर इलाज करणार होते?

एक चाचणी मदतीला येऊ शकली असती. आपल्या नसा एकमेकींना निरोप देतात तो अ‍ॅसिटिलकोलिन नावाच्या द्रव्यातून, आणि निरोप पोचल्यावर ते द्रव्य पुसून टाकतं कोलिनेस्टरेज नावाचं विकर. मोनोक्रोटोफॉस, अ‍ॅसिफेट, प्रोफेनोफॉस ही औषधं त्या विकरालाच जखडतात. मग निरोप थांबत नाही: लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. रक्तातल्या कोलिनेस्टरेजची पातळी मोजली की कळतं माणसात किती विष उतरलंय. ही साधी चाचणी त्या हंगामात यवतमाळच्या रुग्णालयात होत नव्हती.

गंमत नव्हे, पण विसंगती बघण्यासारखी आहे. हीच चाचणी भारताच्या कायद्याला १९७१ पासून ठाऊक आहे. कीटकनाशक नियम १९७१ सालचे. औषधं बनवणाऱ्या, हाताळणाऱ्या, फवारणाऱ्या माणसांची ठरावीक काळानं वैद्यकीय तपासणी करावी, सेंद्रिय फॉस्फरसशी संबंध येणाऱ्यांचं कोलिनेस्टरेज मोजावं, त्यांना संरक्षक कपडे द्यावेत, प्रशिक्षण द्यावं, असं त्यात लिहिलेलं आहे. हे नियम ज्या कायद्याखाली निघाले तो कायदाही अशाच एका दुर्घटनेतून आला. १९५८ साली मुंबई बंदरातून केरळकडं निघालेल्या जहाजात गव्हाच्या पिठाची पोती आणि फॉलिडॉलचे डबे एकत्र आले. डबे गळले, पीठ खाल्लं गेलं, शंभरहून अधिक माणसं मेली. न्यायमूर्ती जे. सी. शहा यांची चौकशी बसली आणि तिच्या शिफारशींतून दहा वर्षांनी कीटकनाशक कायदा झाला. फॉलिडॉल म्हणजे पॅराथिऑन. ते शोधणारा जर्मन रसायनशास्त्रज्ञ गेरहार्ड श्राडर कीटकनाशकं शोधता शोधता १९३६ साली ताबून या युद्धातल्या विषारी वायूवर जाऊन पोचला होता. कापसावर मारायचे ते मोनोक्रोटोफॉस, म्हणजे मोनो, आणि रणांगणासाठी केलेला ताबून नात्यानं फार लांबचे नाहीत.

दुसरी दुर्घटना आपल्या शेजारची. भोपाळ, डिसेंबर १९८४. युनियन कार्बाइडचा तो कारखाना सेव्हिन नावाचं कीटकनाशक बनवत होता. टाकीतून सुटलेला मिथाइल आयसोसायनेट हा त्याचाच कच्चा माल. भोपाळनंतर १९८७ साली कारखाने कायद्यात धोकादायक प्रक्रियांचं स्वतंत्र प्रकरण घातलं गेलं. कामगाराला आपण काय हाताळतो ते सांगा, कामावर घेण्याआधी आणि नंतरही त्याची तपासणी करा, त्याच्या आरोग्याची नोंद ठेवा, सुरक्षा समितीत त्याला बसवा. धोका दिसला तर तो सांगायचा हक्क त्याला द्या. अंमलबजावणी कशी होते हे डोंबिवली, तारापूर, महाड, लोटे इथल्या स्फोटांनी आणि गळत्यांनी वेळोवेळी दाखवलं आहे. तरी निदान कागदावर कुणीतरी भोगवटादार असतो, कुणीतरी निरीक्षक असतो, गुन्हा कुणावर नोंदवायचा हे ठाऊक असतं.

औषधाचा डबा अशा कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडला, ट्रकनं अकोल्याच्या ठोक बाजारात आला, तिथून पातूरच्या किंवा आर्णीच्या कृषी केंद्रात गेला आणि कोठीत ओतला गेला, की हे सगळं संपतं. रसायन तेच, किंबहुना माणसाच्या जास्त जवळ. कारखान्यात ते नळीतून जातं, शेतात ते माणसाच्या सदऱ्यातून जातं. पण शेताला भोगवटादार नाही, निरीक्षक नाही, हजेरीपट नाही. वऱ्हाडाच्या कापसाला कायदा शिवलाच नाही असं नाही: १९११ च्या कारखाने कायद्यानं हंगामी कारखान्यांना प्रथमच कक्षेत घेतलं आणि आपल्या जिनिंगच्या बाया त्यात आल्या. म्हणजे बोंडातून सरकी काढणारी बाई शंभर वर्षांपूर्वी कायद्याला दिसली, आणि त्याच बोंडावर विष मारणारा माणूस २०१७ मध्येही दिसला नाही.

आता मालक कोण, ते बोलू. अकोल्याच्या जठारपेठेत, अमरावतीच्या राजापेठेत राहणाऱ्या आपल्यातल्या कितीकांच्या नावावर गावाकडं पाच-दहा एकर असतात. नोकरी, वकिली, दुकान इथं. शेत मक्त्यानं नाहीतर बटईनं. औषधाचे पैसे फोनवरून जातात. मक्तेदार मजूर लावतो. सातबारा आपला, पीक त्याचं, पंप मजुराच्या पाठीवर. काही झालं तर मजुराचा मालक नेमका कोण, हे कुणालाच सांगता येत नाही, आणि बहुतेकांना ते सोयीचंही आहे. मी हे दुसऱ्यांकडं बोट दाखवून लिहीत नाही. वऱ्हाडातला मध्यमवर्ग असाच शेतीशी बांधलेला आहे, आणि मोनोचा विषय निघाला की तो कंपनी आणि सरकारला शिव्या देतो, स्वतःच्या बांधावर कोण फवारतं हे विचारत नाही.

भरपाईत ही गोष्ट उघडी पडली. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात विमा योजनेत जंतुनाशकं हाताळताना होणारी विषबाधा हा अपघात म्हणून मोजला होता. पण त्या वेळी ती योजना सातबाऱ्यावर नाव असलेल्यांसाठी होती. यवतमाळात दगावलेल्यांत जमिनीचा तुकडाही नावावर नसलेली माणसं होती. बोभाटा झाल्यावर सरकारनं मृतांच्या वारसांना दोन लाखांची मदत जाहीर केली, ती वेगळी. ती मदत होती, हक्क नव्हता. तात्कालिक अंधत्व घेऊन घरी गेलेल्या, पुढचे दोन-तीन महिने रोजी बुडालेल्या शेकडोंचा हिशेब कुठंच बसला नाही.

अमरावतीचे विभागीय आयुक्त पीयूष सिंह यांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमलं गेलं. कृषिमंत्री पांडुरंग फुंडकर खामगावचे, म्हणजे कापसाच्याच पट्ट्यातले. वसंतराव नाईक शेती स्वावलंबन मिशनचे अध्यक्ष किशोर तिवारी सरकारच्या पदावर असूनही सरकारला जाब विचारत होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका दाखल झाली. दुकानांवर छापे पडले, काही परवाने निलंबित झाले. पथकानं उंच वाढलेली कपाशी, किडीचा असाधारण हल्ला, मिश्रणं, रुग्णालयातल्या उणिवा या सगळ्यांची नोंद घेतली आणि मोनोक्रोटोफॉसवर पूर्ण बंदीची शिफारस केली.

त्याच सुमारास एक वाक्य सर्वत्र ऐकू आलं: मजुरांनी मास्क आणि हातमोजे घातले नव्हते. खरं आहे, नव्हते घातले. पस्तीस अंशांच्या दमट उन्हात, डोक्यावरच्या पऱ्हाटीत, पाठीवर पंधरा-वीस किलो घेऊन नखशिखान्त प्लास्टिक घालून पाहावं एकदा हे वाक्य बोलणाऱ्यानं. जे साधन इथल्या हवेत वापरताच येत नाही, त्याच्या अटीवर विकलेलं औषध सुरक्षित कसं, हा प्रश्न विक्रेत्याला विचारायचा सोडून मेलेल्याला विचारला गेला. जागतिक पातळीवर या प्रश्नाचं उत्तर बरंच आधी ठरलेलं आहे: ज्या विषासाठी गरम देशातल्या लहान शेतकऱ्याला असह्य होईल असा पोशाख लागतो ते विष त्याच्यासाठी नसावंच, हे अन्न व कृषी संघटनेच्या आचारसंहितेतच आहे.

पाचांपैकी डायफेन्थियुरॉनची कथा सातासमुद्रापार गेली. सिंजेन्टा ही बाझलची स्विस कंपनी ते ‘पोलो’ या नावानं विकते. युरोपीय संघात हे द्रव्य २००२ पासून आणि खुद्द स्वित्झर्लंडमध्ये २००९ पासून वापरात नाही. तरी तिथून ते बाहेर जात होतं. ‘पब्लिक आय’ या स्विस संस्थेनं मिळवलेल्या आकड्यांनुसार २०१७ साली पंचाहत्तर टन भारतात आलं. यवतमाळच्या पोलीस नोंदींत पोलोशी जोडलेल्या शहाण्णव विषबाधा आणि दोन मृत्यू सापडले. सप्टेंबर २०२० मध्ये दोन विधवा आणि एक बचावलेला शेतकरी यांनी बाझलमध्ये नुकसानभरपाईची दिवाणी कारवाई सुरू केली, आणि एक्कावन्न कुटुंबांच्या वतीनं तिथल्या शासकीय तक्रार केंद्राकडंही अर्ज गेला. कंपनीनं आपला संबंध नाकारला. पुढच्याच महिन्यात स्वित्झर्लंडनं पाच कीटकनाशकांची निर्यात १ जानेवारी २०२१ पासून थांबवायचं ठरवलं. त्या पाचांत डायफेन्थियुरॉन आहे आणि प्रोफेनोफॉसही आहे. आपल्या साठ दिवसांच्या यादीतली दोन नावं स्विस यादीत कायमची बसली.

दिल्लीची चाल संथ होती. मोनोक्रोटोफॉसची भाजीपाल्यावर बंदी २००५ सालची. २०१३ मध्ये बिहारच्या छपरा भागात शाळेच्या जेवणात ते मिसळलं जाऊन तेवीस मुलं दगावली, तरी कापसावर ते चालूच राहिलं. मे २०२० मध्ये केंद्रानं सत्तावीस कीटकनाशकांच्या बंदीचा मसुदा काढला. त्यात मोनोक्रोटोफॉस आणि अ‍ॅसिफेट दोन्ही होती. २०२३ साली अंतिम आदेश आला तेव्हा मोनोक्रोटोफॉस ३६ टक्के त्यात उरलं, तेही शिल्लक साठा संपवायची मुभा ठेवून. अ‍ॅसिफेट सुटलं. कायदा बदलण्यासाठी २००८ आणि २०२० अशी दोनदा विधेयकं राज्यसभेत मांडली गेली.

यवतमाळनंतरच्या हंगामात गावोगाव फवारणीचे वर्ग झाले, किट वाटले गेले, दवाखान्यांना सूचना गेल्या, आणि रुग्णांची संख्या उतरली. पण दर पावसाळ्यात वऱ्हाडातल्या एखाद्या दवाखान्यात फवारणीहून आलेला माणूस दाखल होतोच. कीटकनाशक कायद्याच्या कलम २६ नं राज्याला अशा प्रत्येक विषबाधेची सक्तीनं नोंद घ्यायला लावता येते. ती प्रत्येक तालुक्यातून, सरकारी आणि खासगी दवाखान्यांतून, प्यालेली आणि फवारणीतली अशी वेगळी घेतली जावी, ही मागणी आपण आमदारांकडं आणि जिल्हाधिकाऱ्यांकडं लावून धरायला हवी. आणि ज्यांचा सातबारा गावी आहे त्यांनी यंदा औषधाचे पैसे पाठवताना एवढं तरी करावं: फवारायला कोण जाणार ते विचारा, एकावेळी एकच औषध घ्यायला सांगा, पऱ्हाटी छातीच्या वर गेली असेल तर फवारणी थांबवा, मजुरी पंपावर न ठरवता दिवसावर ठरवा. माणसाला भोवळ आली तर कपडे काढून अंघोळ घाला आणि औषधाचा रिकामा डबा त्याच्यासोबत दवाखान्यात पाठवा.